कोरा वस्तरा

जर्मनीतल्या झोलिंगेन गावात, चाकू-कात्र्या दुरुस्तीच्या एका दुकानात उटे शिवणकामाची कात्री हातात घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होती. तिच्यापुढे एक वृद्ध बाई होत्या आणि गल्ल्यापलीकडे दुकानदार क्लेमेन्स, जे जुन्या वस्तऱ्यांचे संग्राहकही होते.

"वस्तऱ्याचा गंज निघाला, बाई. मूठही नीट बसवली. पण हा नक्की तुमच्या यजमानांचाच ना?"

"म्हणजे काय? रोज यानंच दाढी करायचे. नातवाला द्यायचाय, आजोबांची आठवण म्हणून."

"याला धार कधी लागलेलीच नाही. कारखान्यातून आला तसा कोरा आहे."

"काहीतरीच. अहो, सगळ्या गल्लीच्या वस्तऱ्यांना हेच धार लावायचे."

"म्हणून तर मीही चक्रावलोय."

"न्हाणीघराचं दार लावून चामड्याच्या पट्ट्यावर घासायचे. तो आवाज आला की मी कॉफी ठेवायचे."

"घासायचे, हे खरं. पट्ट्याच्या खुणा आहेत. पण यानं दाढी होणं शक्य नाही."

"गाल तर गुळगुळीत असायचे."

"घरात दुसरं काही होतं?"

"माझे पायांसाठीचे रेझर. गुलाबी, प्लास्टिकचे. फार लवकर बोथट व्हायचे. हे म्हणायचे, हल्लीचा मालच तसला."

क्लेमेन्सनी मान खाली घालून ओठ घट्ट दाबले.

"हसू नका."

"हसत नाही. नातवासाठी धार लावू का?"

"थांबा. आधी एकदा पट्ट्यावर घासा पाहू."

पाते चामड्यावरून सरकत गेले, परत आले. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"आवाज तोच आहे. धार नको. हा माझ्याकडेच राहू दे. नातवाला गुलाबी रेझरचं पाकीट देते, आजोबांची आठवण म्हणून."