घरटी एक की चूलबंद?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कंपनीच्या संचालिका आदरणीय सोनल मॅडम, ज्यांच्या गोडाऊनमध्ये आमची पहिली स्क्रीन लागली ते प्रमुख पाहुणे भावेशशेठ, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते सत्कारमूर्ती बुद्धभूषण सर, सरांच्या मातोश्री, वळ गावातील वडीलधारी मंडळी, माथाडी बंधू, गेटवर बसणाऱ्या माझ्या भगिनी आणि मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी उन्नती, दिघाशीची. सरांच्या हाताखाली प्रोग्रामिंगचं काम करते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे माझी नोकरी हा माझ्या एकटीचा विषय नव्हता. माझे बाबा मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी तेव्हा एकच वाक्य उच्चारलं होतं, "वळपर्यंत जा. त्याच्या पुढं न्हाय." बाबा, मान हलवू नका, असंच म्हणाला होतात. वळला सॉफ्टवेअरचं ऑफिस असेल, असं कुणाला खरं वाटलं असतं? पण होतं. गोडाऊनच्या माडीवर. खाली खोकी, वर आम्ही.

काम काय होतं? भावेशशेठांच्या सगळ्या गाळ्यांचा कारभार एका स्क्रीनवर आणायचा. कोणत्या गाळ्याला कोणती गाडी लागली, माल उतरला की राहिला, सगळं एका नजरेत दिसावं. गेटवर आमची मैना गाडीचा नंबर टाकणार, गाळ्यावरचा माणूस टॅबवर बोट लावणार, आणि ही माहिती स्क्रीनच्या प्रत्येक भागाला मिळणार. ही सामायिक माहिती जिथे ठेवायची, त्या जागेला सरांनी नाव दिलं, गावकी. जे सर्वांचं, ते गावकीत. ज्याला जे हवं, त्याने गावकीला विचारावं. मला ते फार आवडलं. एका स्क्रीनपुरतं का होईना, इथे कुणापासून काही लपलेलं नाही!

ऑफिसात सगळं छान चाललं. मग सीझन सुरू झाला, गेटवर गाड्यांची रांग लागली, आणि स्क्रीन अडखळू लागली. मैना अक्षर दाबायची, ते उमटायचं बऱ्याच वेळाने. दाबलं गेलं नाही असं वाटून ती पुन्हा दाबायची. नंबर चुकायचा, गाडी गेटवर अडायची, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. मैना मला म्हणाली, "उन्नती, तुझी स्क्रीन माझ्या नवऱ्यापेक्षा आळशी हाय गं. एम एच टाकते, चहा पिऊन येते, तवा कुठं एम दिसतो."

मैनाताई, तुमचे यजमान आलेत का आज? आलेत. मग मी पुढे जाते.

भावेशशेठ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत सुधारा. नाहीतर गाड्या लिहायचा माझा जुना फळा बरा. खडू कधी हँग होत नाही." शेठ, त्या दिवशी तुमचा राग आला होता. आज सांगते, तुमचं बरोबर होतं.

त्याच संध्याकाळी सोनल मॅडमनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. हे काम गेलं, तर वळचं ऑफिस चालवता येणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी ऐरोलीच्या ऑफिसात यायचं. ज्यांना जमेल त्यांनी! माझ्या डोळ्यांपुढे बाबांचं ते वाक्य आलं. वळ बंद म्हणजे माझी नोकरी बंद. आमच्या टीममधल्या आणखी दोघी-तिघींचंही तसंच होतं.

कुणी म्हणालं, टॅब जुने आहेत, नवे घ्या. कुणी म्हणालं, इथलं नेटच खराब. मी घरी गेले ती हेच ओझं घेऊन, आणि घरी तर कार्य होतं. माझ्या चुलत बहिणीची सुपारी दुसऱ्या दिवशी फुटायची होती.

आता शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक, म्हणजे प्रत्येक घरातून एकाने यायचं. आणि चूलबंद, म्हणजे सगळ्या घराने यायचं, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. सुपारीला घरटी एक, हळदीला चूलबंद. आमचे मोरूकाका आवतण घेऊन गावात फिरले, आणि उत्साहाच्या भरात प्रत्येक दारात सांगून आले, चूलबंद! दुपारी मांडवात अख्खं गाव. लेकरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळे. भाताचं पातेलं खरवडलं गेलं तरी पंगत उठेना. धोंडूबाई आत्या कमरेवर हात ठेवून ओरडली, "आरं मोरू, सुपारीला घरटी येक सांगायचा! तू गावाच्या चुली इझवून आलास! आता हळदीला काय तालुका बोलावतंस?"

मी उरलासुरला भात वाढत होते. वाढता वाढता थांबले. आमच्या गावकीतही हेच होत नव्हतं का?

मैना गेटवर एक अक्षर दाबते. ते अजून तिचं एकटीचं आहे, अर्धवट आहे, कुणाच्या कामाचं नाही. पण आम्ही तेसुद्धा गावकीत ठेवलं होतं. आणि गावकीत काहीही हललं, की तिच्याशी जोडलेला स्क्रीनचा प्रत्येक भाग स्वतःला नव्याने रेखाटायचा. सगळे गाळे, सगळ्या गाड्या, वरचं घड्याळ, कोपऱ्यातलं कंपनीचं चिन्हसुद्धा! काही बदललेलं नसताना! एका अक्षरासाठी अख्खं गाव जेवायला उठत होतं.

कार्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिचकतच सरांना हे सांगायला गेले. गावकी सरांनी स्वतः बांधलेली, आणि मी कालची मुलगी. मी म्हटलं, "सर, आपण प्रत्येक अक्षराला चूलबंद आवतण देतोय." मग मोरूकाकांची सगळी हकिकत सांगितली.  सर म्हणाले, "म्हणजे मोरूकाका मी आहे तर!" आणि असे हसले, की खालचे हमाल वर बघू लागले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "गावकी मी बांधली, गुंता माझा. उन्नती सांगेल तसा तो आता सोडवायचा."

मोठ्या पदावरची किती माणसं असं म्हणतात? मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मग आम्ही आवतणं वेगळी केली. मैनाची अर्धवट अक्षरं तिच्या चौकटीतच ठेवली. नंबर पुरा झाला, तिने बटण दाबलं, की मगच तो गावकीत जाणार. प्रत्येक गाळ्याने सांगून ठेवायचं, मला फक्त माझ्या गाडीची खबर द्या. तरीही काही भाग उगीच हलत राहिले. ते कोडं सरांनी सोडवलं. माहिती तीच होती, पण आम्ही दर वेळी ती नव्या वेष्टनात बांधून पाठवत होतो. सर म्हणाले, "अगं, पत्रिका दर वेळी नव्याने छापली, तर घराला वाटणारच ना, नवं लग्न आहे!" तेव्हापासून, मजकूर बदलला नसेल तर आम्ही जुनीच पत्रिका ठेवतो. आणि मी उत्साहात सगळीच चूलबंद आवतणं काढायला निघाले, तेव्हा सरांनीच हात धरला. "आगीची सूचना घरटी एक द्यायची नसते, उन्नती."

दिवाळीच्या आधी भावेशशेठ गेटवर येऊन उभे राहिले. बाहेर गाड्यांची रांग होती. मैनाने नंबर टाकला. बोटाबरोबर अक्षर! फक्त एका गाळ्याचा रंग बदलला, बाकीची स्क्रीन शांत. मैना म्हणाली, "घ्या! आता चहाला वेळच न्हाय उरला." शेठ सरांचं अभिनंदन करायला पुढे झाले, तर सर बाजूला सरकले आणि म्हणाले, "शोध हिचा आहे." शेठ, तुमचा फळा अजून तिथेच आहे हे मला माहीत आहे. त्यावर आता चहाची ऑर्डर लिहितात.

वळचं ऑफिस राहिलं, त्याबरोबर आम्हीही राहिलो. सर आता पुण्याला चालले, आणि उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसणार आहे. हे सांगताना ऊर भरून येतो. काल मी बाबांना सहज विचारलं, "मलाही कधी पुण्याला बोलावलं तर?" बाबा बराच वेळ विळ्याला धार लावत बसले. मग म्हणाले, "वळच्या पुढंबी यष्टी जाते."

आता एक शेवटचं. या समारंभाचं आमंत्रण देण्याचं काम सरांनी माझ्याकडे सोपवलं, आणि बजावलं, "घरटी एक सांग. माझ्यासाठी उगीच कुणाची धावपळ नको." सर, एकदा मागे वळून बघा. दारापर्यंत माणसं उभी आहेत. माथाडी आलेत, त्यांची लेकरं आलीत, मैनाताईंच्या सासूबाई आल्यात, आमच्या दिघाशीहून मोरूकाका स्वतः आलेत. तुमचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला. मी चूलबंद सांगितलं.

तुम्हीच शिकवलंत ना, जी गोष्ट खरोखर सगळ्यांची असते, ती सगळ्यांपर्यंत गेलीच पाहिजे?

सोनल मॅडम, भावेशशेठ आणि आपण सर्वजण आलात, माझं बोलणं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर लेक समजून पोटात घाला. आणि जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. घरी चूल पेटलेली नाही, हे मला ठाऊक आहे.