घेतलेली मेमरी सोडायचं नाव न्हाई

…अन् परत बसला! तुम्हाला सांगतो, म्हैस बसली तर शेपूट पिळून उठवता येती, डेटाबेस बसला तर माणसानं काय पिळावं? मी केरबा, नांदेडच्या एका रक्तपेढीत फोनवर असतो. पण हाल बघावेत ते आमच्या राजकन्याचे! कम्प्युटरचं सगळं ती एकटी बघती. रक्तदात्यांची नावं, गट, नंबर, समदं त्या फुकटच्या डेटाबेसात. फुकटचा म्हंजे, त्याचा कोड जगात कुणीबी वाचावा, कुणीबी सुधारावा… अन् कुणीबी सुधारत न्हाई! काही शोधायला सांगितलं की ह्यो मेमरी घेतो, काम झालं की परत द्यावी का न्हाई? पण घेतलं ते सोडायचं नाव न्हाई! फुगतो, फुगतो, अन् धाडदिशी बसतो.

राजकन्यानं काय कमी केलं? कोड उपसला, चूक हुडकली, दुरुस्ती करून त्या कोडवाल्यांना धाडली. तिकडून उत्तर, लई गोड: "प्रिय मैत्रिणी, आमच्याकडे असं काही होत नाही." मग आमच्याकडं काय भुताटकी हाय? तिनं पुरावे धाडले. "दुरुस्ती योग्य वाटते, पण तपासणारे सुट्टीवर आहेत." घ्या! इकडं आमचे मोठे साहेब, आनंदराज सर, दारातून डोकावणार, "राजकन्या, बंद करून चालू केलं का?" अवो सर, दिवसभर ती दुसरं काय करून राहिली?

अन् अशात देगलूरहून फोन. मुज्तबा नावाचा माणूस, एका दमात सांगायला लागला. "भाई, बहीण बाळंत झाली, खून थांबंना, गाडीत घालून नांदेडला आणायलोय! ओ निगेटिव्ह लागतंय!" पेढीत त्या गटाची एक पिशवी न्हाई! राजकन्यानं डेटाबेसाला दाते शोधायला लावलं… फुगला, फुगला, बसला. घेतलं ते सोडायचं नाव न्हाई! पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग एकदम दात-ओठ खाऊन म्हणती, "सगळा जिल्हा एकदम गिळतो का? थांब मुडद्या, घास घास भरवते!" एकच तालुका विचारायचा अन् लगेच कनेक्शन तोडायचं. तोडलं की मेमरी सोडतो, झक मारत! देगलूर… कुणी न्हाई, तोड. बिलोली… न्हाई, तोड. नायगाव… हाय! सरजाबाई, शाळेतल्या मास्तरीण! अन् नायगाव तर वाटेवरच. मी फोन लावला, बाई तास सोडून रस्त्यावर येऊन उभ्या, त्याच गाडीत बसून आल्या. बाळंतीण वाचली बगा! मुज्तबा राजकन्याला हात जोडून नुस्ता रडायला.

आता तरी लाजतील म्हणून तिनं हे समदं कोडवाल्यांना कळवलं. उत्तर तासाभरात: "उत्तम उपाय! मदतीच्या पानावर तुमच्या नावानं टाकला आहे. तक्रार बंद करत आहोत." अन् दुरुस्ती? चूक तशीच, घेतलं ते सोडायचं नाव न्हाई! आता जगात कुठंबी डेटाबेस बसला की विचारणा नांदेडला! काल ब्राझीलहून एकानं लिहिलं, "मॅडम, आमच्याकडे तालुके नाहीत, काय करू?"

राजकन्यानं कपाळावर हात मारला. "केरबामामा, काय लिहू ह्याला?"

म्हणलं, "लिही माय… तालुके पाडून घ्या म्हणावं!"