केशरी बटा

संजना: हलू नकोस, तेजू. कान भाजेल.

तेजस्विनी: भाजू दे. केशरी दिसतंय का अजून, ते सांग.

संजना: दिसणारच. हे केस वळवायचं मशीन आहे बाई, रंग काढायचं नाही. बटा आतल्या बाजूला वळवून बघते, जमलं तर उद्या तसंच करू, म्हणजे केशरी खाली दबेल. वरून काळंभोर.

तेजस्विनी: आणि मी मान हलवली की?

संजना: मग नको ना हलवूस.

तेजस्विनी: वा! सहा वर्षांचं पोरगं समोरून पळत येईल आणि मी दुकानातल्या पुतळ्यासारखी उभी राहू? पळत येईल की नाही, तेही माहीत नाही मेलं.

संजना: येईल गं. आईला कोण विसरतं?

तेजस्विनी: वर्ष उलटून गेलं, संजू. बाप म्हणून शेखर त्याला यात्रेला कळवणला आपल्या आईकडे घेऊन गेला, तो परत आणलाच नाही. फोनवर आवाजसुद्धा ऐकू दिला नाही. तेव्हा माझी कमरेपर्यंत वेणी होती. सार्थक तिचं टोक मुठीत धरून झोपायचा. आणि उद्या कोर्टातल्या त्या मुलांना भेटायच्या खोलीत त्याच्यासमोर कोण जाणार? ही बया! बघ आरशात.

संजना: माझंच चुकलं. पार्लरला नवीन सामान आलं, 'वसंत स्पेशल'चा बोर्ड लावला आणि म्हटलं, पहिली ट्रायल आपल्या तेजूवर. चांगली वेणी कापून लेयर केले, बटा ब्लीच केल्या.

तेजस्विनी: त्याचं काही नाही. आवडल्या होत्या मला. किती दिवसांनी आरशात बघून बरं वाटलं होतं. पण रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारायला मीच गेले ना नाचत.

संजना: रंगपंचमीला नाशिकमध्ये राहून रहाडीवर नाही जायचं तर काय घरात बसायचं? बायकांच्या वेळेला आख्खी गल्ली उतरली होती हौदात.

तेजस्विनी: सगळ्यांचा रंग दोन आंघोळींत उतरला. माझ्याच केसांनी पिऊन टाकला.

संजना: ब्लीच केलेला केस म्हणजे कापूस, पडेल तो रंग ओढतो. एवढी वर्षं पार्लर चालवते आणि ऐन वेळी तुला अडवायचं डोक्यात आलं नाही. पण तारीख पुढच्या महिन्यात होती ना गं? तोपर्यंत उतरला असता.

तेजस्विनी: होती. सकाळी वकीलबाईंचा फोन आला, तारीख अलीकडे आली, उद्या अकरा वाजता मुलाला आणतायत. खरं तर मी आनंदानं ओरडायला पाहिजे होतं. मी आधी केसांना हात लावला. अशी कसली आई गं मी?

संजना: रडू नकोस, सगळा बेस वाहून जाईल. वर बघ. वर बघ म्हणते ना!

तेजस्विनी: काळाच रंग लाव. काय व्हायचं ते होऊ दे.

संजना: अजिबात नाही. आपल्या मैत्रिणीच्या, दिशाच्या लग्नात लावला होतास, आठवतं? डोळे सुजून बंद झाले होते, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. उद्या सार्थक येईल आणि तू त्याला बघू पण शकणार नाहीस.

तेजस्विनी: मग त्या छोट्या ब्रशवालं काय आणलंयस ते?

संजना: हेअर मस्कारा. तात्पुरता असतो, धुतला की जातो. थांब, एका बटेवर लावून बघू... हं. हे बघ, झाली की नाही काळी?

तेजस्विनी: झाली! खरंच झाली गं! लाव, सगळीकडे लाव.

संजना: अगं, हात नको लावूस! गेलीच ना चार बोटं काळी.

तेजस्विनी: म्हणजे हे हाताला लागतं?

संजना: थोडंसं. घामानं वगैरे.

तेजस्विनी: त्यानं गळ्यात हात टाकले तर त्याचे हात काळे होतील. शर्ट काळा होईल. घरी गेल्यावर शेखर म्हणेल, बघ, तुझ्या आईला हात लावला की असं होतं. तो म्हणतोच असलं काहीबाही. पूस. पूस ते आधी!

संजना: बरं, पुसते. मग गंगावण लावू? माझ्याकडे लांबलचक आहे. काळी वेणी होईल, मोठी लाल टिकली लावू, तुझ्या त्या जुन्या फोटोत आहे तशी.

तेजस्विनी: लाव.

संजना: ... थांब, पिना धरत नाहीयेत. लेयर फार आखूड कापलेत मी.

तेजस्विनी: वर केशरी, खाली काळं. लेझीम खेळायला निघाल्यासारखी दिसतेय मी.

संजना: हसलीस ना? हसलीस की तूच दिसतेस बघ.

तेजस्विनी: हसत नाहीये. काढ ते. सरळ करायच्या मशीननं सरळ कर आणि घट्ट अंबाडा बांध. केशरी सगळं आत कोंब. आणि मानेवर राहिलेला रंगाचा पिवळट डाग?

संजना: नवीन कन्सीलर लावलाय ना.

तेजस्विनी: म्हणून मान आजारी माणसासारखी दिसतेय. संजू, कसला वास येतोय?

संजना: कुठं काय... अगं आई गं!

तेजस्विनी: काय झालं?

संजना: तू ओढू नकोस. थांब.

तेजस्विनी: काय झालं सांग! हातात काय आहे तुझ्या?

संजना: बट. मस्कारा पुसला तरी बट ओली राहिली होती वाटतं. मशीन लावलं आणि तुटूनच आली. कपाळाजवळची आहे. मला माफ कर, तेजू.

तेजस्विनी: झालं. आता तो मला बघून आजीच्या पदराआड लपणार. आणि शेखरचा वकील म्हणणार, पोरगं आईला घाबरतं, कशाला भेटी ठेवता. एक संधी होती गं मला. एकच. मी काय करू? डोक्यावर पदर घेऊन जाऊ? डोकंच भादरून घेऊ?

(तेजस्विनीचा फोन वाजतो.)

संजना: वकीलबाई असतील. उचल. मी स्पीकरवर टाकते, तुझे हात भरलेत.

तेजस्विनी: हॅलो?

कुसाबाई: तेजू? मी कळवणहून बोलते. आवाज बारीक ठेव, मी गोठ्यात आले.

तेजस्विनी: आई? तुम्ही?

संजना: सासू?

कुसाबाई: कोन हाय तिथं?

तेजस्विनी: माझी मैत्रीण आहे, संजना. आपलीच आहे. सार्थक बरा आहे ना? उद्या आणताय ना त्याला? नाही म्हणू नका हो, पाया पडते तुमच्या.

कुसाबाई: आनतो, आनतो. वकिलानं दटावलंय शेखरला. तो दिंडोरीला गेलाय, यायच्या आत बोलून घेते. मी फोन केला हे कोर्टात बोलू नको, नायतर माझं काय खरं नाय.

तेजस्विनी: नाही बोलणार. काय झालं पण?

कुसाबाई: पोरगं जेवत नाय सकाळपासून.

तेजस्विनी: का? मला भेटायचं नाही म्हणतोय का? खरं सांगा, आई. माझी भीती घातलीय का कुणी त्याला?

कुसाबाई: घातली असंल त्याच्या बापानं, म्या नाय घातली. पन ते न्हवं. गेल्या आठवड्यात देवीच्या गडावर नवस फेडला, तवा त्याचं डोकं भादरलं. पार चकोट. आन पुढचे दोन दात पडले. लय वाळलाय बी. मगाधरनं माझा आरसा घेऊन बसलाय. टोपी घातली ती काढंना. मी म्हनलं, काय झालं रं? तर म्हनतो, आज्जे, मम्मीनं मला वळखलंच नाय तर?

संजना: अरे देवा.

कुसाबाई: तेजू? हायेस का?

तेजस्विनी: आहे.

कुसाबाई: तर म्हनून फोन केला. उद्या तिथं दुसरी बी पोरं असतील. तू इकडंतिकडं बघत बसू नको. दारातनं आला की पहिली तूच हाक मार त्याला. चुकू नको, बाई.

तेजस्विनी: नाही चुकणार.

कुसाबाई: ठेवते मग. गाडीचा आवाज आला वाटतं.

तेजस्विनी: थांबा, आई, एक मिनिट. टोपी कुठल्या रंगाची आहे? आणि दात... वरचे पडलेत की खालचे?