शिडीची सातवी पायरी

हॅलो?… हॅलो, मा? ऐकू येतंय?… हो, जोव्हीच. पांना देते गं नंतर, आधी माझं ऐक. एक प्रश्न आहे. माझ्या मैत्रिणींनी, मायलीन आणि आर्लिननं, पैज लावलीये, मी विचारूच शकणार नाही म्हणून… छे, मुलाबिलाचं काही नाही! विचारू?… मा, तू तिकडे हाँगकाँगला झोपतेस कुठे?

हॅलो?… नाही, 'सोय बरी आहे' हे नकोय. ते सहा वर्षं ऐकतेय. मायलीनची आईपण तिकडून तिला तेच सांगते, आर्लिनचीपण. आम्हा तिघींपैकी एकीलाही माहीत नाही आपली आई रोज कुठे आडवी होते ते… बरं, बरं. नंतर सांग. पण मी विसरणार नाही हं.

मागे केवढा गलका… हां, सुट्टी ना आज तुम्हा घरकामवाल्यांना. बसलात का सगळ्याजणी खोक्यांचे पुठ्ठे पसरून?

कसली तक्रार?… लोलाने लगेच कळवलं पण? तुझ्या सासूबाई आहेत खऱ्या!… मा, मी दमलेय गं. खरंच. तू सांगितलंस तसं सगळं केलं. भिंती पांढऱ्या केल्या. खिडकीसमोर आरसा लावला. जमिनीवर काही ठेवायचं नाही म्हणालीस, तर चपलासुद्धा खिळ्याला टांगल्यात. मग कानोर सुताराकडून लाकडी माळा करून घेतला. वर मी आणि धाकटी क्रिसेल, खाली लोलाचा पलंग. आठ बाय नऊच्या खोलीत चक्क गिरकी घेता येते! क्रिसेलने घेतली, दोनदा… आणि लोला? लोला तीन दिवस झाले खोलीत पाऊल टाकत नाहीये. बाहेर वेताच्या खुर्चीतच पेंगते. पाय सुजलेत तिचे.

का म्हणजे काय, शिडी! सहा पायऱ्या… हो, सहाच… ओरडू नकोस, कळतंय मला. सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण. शेवटची नेमकी मरणावर. लोला दारात उभी राहून बोटांवर मोजते आणि माघारी फिरते.

अगं, कानोर सुतार कसा चुकेल? त्याने सातच केल्या होत्या. खालची मीच कापायला लावली. कपाटाचं दार अडत होतं ना… हो, मीच. जागा, जागा करत सुटले होते, मोजायचं राहूनच गेलं. आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढत नाही, आणि मी… हो गं, माहितीये. बोल, अजून बोल.

आज कुठून दुरुस्त होणार? कानोर गावच्या जत्रेला गेलाय. येईल पुढच्या रविवारी. आणि तोवर तुम्ही मला टिटा रोवेनाकडे, मावशीच्या घरी मनिलाला… माहितीये मला. 'खोलीत सगळे मावत नाहीत, तर जोव्हीला तिकडे पाठवू, बारावी तिथूनच करेल.' काल पा तुझ्याशीच बोलत होते ना?… चोरून नाही ऐकलं! या घरात चोरून ऐकायला जागा तरी आहे का?

नाही, आता माझं ऐक. एक माणूस कमी केलं की खोली मोठी होते, असंच ना? मग तू गेलीस तेव्हा व्हायला हवी होती. नाही झाली, मा. तुझी जागा तशीच राहिली मधोमध. क्रिसेल वर्षभर तिच्यावर पायसुद्धा टाकत नव्हती, भिंतीला चिकटून झोपायची.

मा?… ए, रडू नको ना. मी भांडत नाहीये.

काय?… कुठे?… मशीनच्या वर? कपडे धुवायच्या?… फळी. हं… किती रुंद?… आणि कूस बदलायची झाली तर?…

…म्हणूनच तुला आरशाचं माहीत. आणि चपला टांगायचं. मला वाटायचं तू मोबाइलवर बघून सांगतेस.

चढतेस कशी?… स्टूल, मग मशीन, मग फळी… मा! तीन! मरणावर झोपतेस तू?… हसतेस काय?… स्टुलाच्या आधी खोका? कसला?… दुधाच्या पावडरीचा… म्हणजे चार. म्हणजे पुन्हा सोनं…

थांब. थांब, थांब, थांब. फोन खिडकीत ठेवते, कट करू नकोस! क्रिसेल, ये, हात लाव!… तू नाताळला पाठवलेला खोका, मा. फोडलेला नाही अजून. 'मी आल्यावर फोडा' म्हणालीस, आणि तू आलीच नाहीस… बाई गं! मांसाचे डबे भरलेस की विटा?… हां, असाच. शिडीच्या पायथ्याशी… कपाट उघडायचं तेव्हा सरकवू गं, काय बिघडलं!

लोला! ए लोला, इकडे ये. तूच मोज… मा, आहेस ना? काठी टेकवत मोजतेय. खोका म्हणजे सोनं… चांदी… सावकाश, लोला… मरण… सोनं… चांदी… मरण… आणि ही शेवटची? मोठ्याने म्हण ना, मा ऐकतेय!…

ऐकलंस?… बसली गं. पलंगावर बसली. पाय वर घेतले. म्हणतेय, खोक्यावर सुनेचं नाव लिहिलंय, त्यावर पाय कसा द्यायचा. लोला, तुला कुठे चढायचंय!… हसतेय, मा. तीन दिवसांनी.

आता दोन मिनिटं. पा, तुम्हीपण या. टीव्ही बंद करा आधी… मा, पा, ऐका. मी टिटा रोवेनाकडे जात नाहीये. बारावी इथूनच करणार. वर आम्ही दोघी भिंतीकडे सरकून झोपतो, कडेची तीन फूट जागा रिकामी आहे. कूस बदलून बघितलीये मी. बदलता येते. ती तुझी, मा. खोका तू येऊन फोड.

…नाही, पा. विचारत नाहीये. सांगतेय.

ठेवते, मा. तू जेव आधी.