छपराला देणगीदार मिळेना

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. समजा तुम्ही दान केलं, पण कुणाला कळलंच नाही. पाटी नाही, फोटो नाही, माइकवरून नाव पुकारलं नाही. तर ते दान देवाकडे पोचतं का? सांगा! पोचतं म्हणता? अहो, एवढ्यात माना डोलवू नका. आधी आख्यान ऐका, मग डोलवा.

कळंबखेड नावाचं तालुक्याचं गाव. तिथे एक कॉलेज, आणि कॉलेजात बास्केटबॉलचा मोठा हॉल. आजी, बास्केटबॉल कळतो ना? उंचावर लोखंडी कडी, कडीला जाळी, तीत चेंडू टाकायचा. जाळी खालून उघडी — चेंडू टाकला की बाहेर! तुमच्या कानात माझं कीर्तन राहतं ना, तेवढाच राहतो!

हा हॉल चाळीस वर्षांपूर्वी गावाने बांधला. गवंड्यांनी रविवारी फुकट काम केलं. बायकांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या. ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याने वाळू टाकली. आणि भिंतीवर नाव? एकाचंही नाही! आजही जाऊन शोधा, सापडणार नाही.

पण छपराचा पत्राच तो, किती वर्षं टिकणार? गंजला. भोकं पडली. पावसाळ्यात धारा लागायच्या. खालच्या सागवानी फळ्या पाणी पिऊन फुगल्या. मुली सराव करायच्या तेव्हा मैदानात जागोजागी बादल्या! बाहेरगावचे लोक म्हणायचे, कळंबखेडच्या पोरी काय वळतात हो! अरे, वळतील नाही तर काय? रोज बादल्या चुकवून पळतायत बिचाऱ्या!

त्यात एक कावेरी धोंगडे. संघाची कप्तान. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई शिवणकाम करणारी. कॉलेजचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट उघडणार, नाही तर घरी स्थळं बघणं सुरूच होतं. आणि निवड करणारे येणार होते भाद्रपदातल्या सामन्याला — याच हॉलमध्ये!

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब रणनवरे. त्यांनी बैठक बोलावली. ‘‘हॉलचा जीर्णोद्धार करायचा! गावाने सढळ हाताने द्यावं!’’

टाळ्या! आणि खरंच हात सढळ झाले, मी खोटं बोलणार नाही. एक उठला, ‘‘प्रवेशद्वाराची कमान माझ्याकडून. वर वडिलांचं नाव.’’ दुसरा उठला, ‘‘पाहुण्यांच्या गॅलरीतले सोफे माझे. पाठीवर नाव.’’ तिसऱ्याने पंखे दिले. पंख्यांवर काय लिहिलं? ‘कै. आजोबांच्या स्मरणार्थ’! आता बटण दाबलं की आजोबा गरागरा! अहो, जिवंतपणी त्यांना जत्रेतल्या पाळण्यात बसवलं नाहीत, आणि मेल्यावर फिरवताय?

मुलींना शिकवणाऱ्या बाबर मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘दादासाहेब, छपराचं काय? जमिनीचं काय?’’



सिमेंटचे व्यापारी बापूशेठ कंदले घसा खाकरून म्हणाले, ‘‘मॅडम, देतो की! पण जमिनीवर नाव कसं टाकणार? लोक पाय देणार! आमच्या आईच्या नावावर पोरी उड्या मारणार?’’

‘‘मग छप्पर द्या, शेठजी.’’

‘‘छपरावरचं नाव वाचणार कोण? मान मोडेल माणसाची!’’

‘‘नावाशिवाय द्या की!’’

बापूशेठ हसले. सगळी बैठक हसली. मॅडमनी काही गंमत केली असं वाटलं त्यांना! मंडळी, मला या हसण्याचा राग येतो. चाळीस वर्षांपूर्वी याच गावाच्या आयाबायांनी नावाशिवाय डोक्यावर ओझी वाहिली. त्यांचीच लेकरं, त्यांच्याच घामावर उभ्या असलेल्या हॉलमध्ये बसून हसली!

शेवटी काय झालं? कमान झाली. सोफे आले. काचेचं कपाट आलं, आकडे पेटणारा गुणफलक आला. पत्र्याला खालून पांढरा रंग मारला! भोकं बुजली नाहीत हो, पांढरी झाली!

उद्घाटन आणि सामना एकाच दिवशी. व्यासपीठावर देणगीदारांच्या सत्कारासाठी शालींचा हा एवढा ढीग, शेजारी नारळ. दादासाहेब म्हणाले, ‘‘आधी सामना, मग सत्कार. म्हणजे गर्दी टिकेल.’’ हुशार माणूस!

सामना सुरू झाला. कावेरी काय खेळली! पाहुण्या संघाला पळता भुई थोडी केली. निवड करणारे पुढे सरकून बसले. एक दुसऱ्याला म्हणाला, ‘‘ही मुलगी बघून ठेवा.’’ हे बाबर मॅडमनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आणि आभाळ कोसळलं! पांढऱ्या पत्र्यातून धारा! मैदानभर पाणी. एक मुलगी घसरली, दुसरी घसरली. पंचांनी शिट्टी फुंकली. ‘‘मैदान पुसा! अर्धा तास देतो.’’

फडकी? फडकी कुणी आणली नव्हती! बादल्यासुद्धा काढून टाकलेल्या, उद्घाटनाला बऱ्या दिसत नाहीत म्हणून.

कावेरीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. थेट व्यासपीठावर चढली आणि शालींचा ढीग उचलला!

दादासाहेब ओरडले, ‘‘ए पोरी! ठेव खाली! सत्काराच्या शाली आहेत त्या!’’

‘‘हो सर, माहितीये. सत्कारच करतेय. या जमिनीचा आजवर कुणी केला नाही.’’

आणि बसली गुडघ्यांवर पुसत! तिच्या संघातल्या मुली आल्या. पाहुण्या संघातल्या मुलीही आपापले टॉवेल घेऊन आल्या, अहो, ज्यांना जिंकायचं होतं त्या! सगळ्या पोरी ओणव्या, आणि सोफ्यांवर आपलं नाव पाठीशी घेऊन मोठी माणसं बसलेली. एक उठला नाही. एक!

पण खालून पुसून वरचं थांबतं का? पुसावं तिथे पुन्हा धार. वेळ संपली. पंच म्हणाले, ‘‘मैदान खेळण्यालायक नाही. मैदान यजमानांचं. सामना पाहुण्यांना.’’ निवड करणाऱ्यांनी छत्र्या उघडल्या. हॉलच्या आत उघडल्या, मंडळी! एकजण कावेरीजवळ थांबला. ‘‘अर्ध्या सामन्यावर नाव घालता येत नाही, बाळ,’’ म्हणाला आणि गेला.

आता तुम्हाला वाटेल, देणगीदारांना लाज वाटली असेल. ऐका! दादासाहेबांनी बाजारातून नव्या शाली मागवल्या. सत्कार झाला! नावं पुकारली, टाळ्या पडल्या, नारळ दिले. आणि त्या टाळ्या वाजत असताना दाराशी ती पोर ओल्या शाली पिळत होती. त्या रात्रीपासून तिने चेंडू हातात घेतला नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

काय हो? तुम्ही का खाली बघताय? वर बघा! या देवळातल्या पंख्यांवर काय लिहिलंय? बाकांवर काय लिहिलंय? आणि येताना मी तुमची शाळा बघितली. तिसरीच्या वर्गात मधोमध घमेलं ठेवलंय, पोरं त्याच्या कडेने बसतात. कमान मात्र नवी आहे हं! छान आहे कमान!

नावच हवं असेल तर लिहा! पण पत्र्याच्या वरच्या अंगाला लिहा. तिथून ज्याने वाचायचं तो वाचेल.

आता आरतीचं तबक फिरेल. आज त्यात जे पडेल ते तिसरीच्या पत्र्याचं. आणि या देवळाचे अध्यक्ष, ती शाल घेऊन उठू नका. माझ्या खांद्यावर नको ती. उद्या पाऊस आहे म्हणतात, सकाळी शाळेत न्या, पुसायला लागेल. देणगीदारांची नावं वाचायला सांगितलीत मला, तीही वाचणार नाही. आज इथे एकाचंच नाव निघेल. ज्याने एवढं आभाळाचं छप्पर घातलं आणि त्यावर कुठेही स्वतःची पाटी लावली नाही, त्याचं! टाळ घ्या हातात, बोला — विठ्ठल! विठ्ठल!