विक्रम मोडेल असा बोर्ड

(कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान. काउंटरच्या आत मालक. बाहेर एक बाई, आणि आपली पाळी येण्याची वाट बघत स्टुलावर बसलेलं एक वयस्कर गिऱ्हाईक.)

दुकानदार : ...आणि शिवाय याला दिवे आहेत, वहिनी. रंग बदलतात. रात्री लावलात तर अख्खी खोली उजळते.

वहिनी : खोलीला ट्यूबलाइट आहे, भावजी. मला प्रोसेसर पळवायचाय. कंपनीने ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात. ओव्हरक्लॉकिंग म्हणता ना तुम्ही लोक? ते पेलेल असा मदरबोर्ड दाखवा. आणि स्वस्तातला.

दुकानदार : मग यावर पळेल की.

वहिनी : प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग दाखवा यातला. फेज किती आहेत?

दुकानदार : आता तुम्ही कशाला त्या खोलात शिरताय?

वहिनी : चारच आहेत, त्यांच्यात एवढा भार वाटला तर पेलणार नाही. वरून हे चकाकतंय ते नुसतं पत्र्याचं झाकण. टिचकी मारली तरी वाजतंय. थोडा वेळ जोर दिला की खालचा भाग भाजणार, आणि बोर्ड स्वतःच वेग खाली आणणार. खरं की खोटं?

गिऱ्हाईक : अहो, मी हाच घ्यायला बसलोय. मुलीसाठी.

दुकानदार : काका, तुमच्या मुलीला हा उत्तम आहे. ती काय कॉलेजचं काम करणार, असला जोर कशाला देईल ती?

वहिनी : तिला चालेल, काका. दिव्यांचे जादा पैसे मोजायची हौस असेल तर घ्या.

गिऱ्हाईक : हौस मला नाही. मी बसतो जरा. तुमचं होऊ दे.

दुकानदार : बरं, हा बघा. साधा, पण मजबूत. आठवड्यात दहा खपतात. झाकणबिकण नाही, सगळं उघड आहे.

वहिनी : आणि मल्टिप्लायर?

दुकानदार : काय मल्टिप्लायर?

वहिनी : बंद आहे ना यात? या चिपसेटवर वेग वाढवायची सोयच ठेवत नाहीत. घरी नेऊन बसवला असता आणि डोकं आपटत बसलो असतो. भावजी, तुम्ही मला शेंडी लावताय, आणि तीही इतकी ढिली.

दुकानदार : चुकून हातात आला हो. सकाळपासून माणूस उभाय. बसा तरी. किती दिवसांनी आलात. तो कसा आहे?

वहिनी : कोण तो?

दुकानदार : असं काय करता. आमचा पार्टनर.

वहिनी : पार्टनर होते तेव्हा होते. आता ते घरी बसून लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात. आणि बसणार नाही मी. उभ्या उभ्याच घेऊन जाणार. बोर्ड त्यांच्यासाठीच आहे.

दुकानदार : त्याने पुन्हा सुरू केलं?

वहिनी : केलं. प्रोसेसर तोच, तुमच्या चांगल्या ओळखीचा. बोर्ड तेवढा नाही, तो तुम्ही ठेवून घेतलात. रविवारी ओव्हरक्लॉकिंगवाल्यांच्या संघाची स्पर्धा आहे, स्वस्त बोर्डांच्या गटात यांनी नाव दिलंय. म्हणजे मी दिलं. यांनी नुसती मान हलवली, तेवढी मला पुरली.

दुकानदार : त्या गटात तर...

वहिनी : तुमचा वेगाचा विक्रम आहे. माहीत आहे. दारावर पाटी लावलीय ना एवढी मोठी. तोच मोडायचाय. तेव्हा तुमचा विक्रम मोडेल असा बोर्ड तुम्हीच तुमच्या हाताने काढून द्या.

गिऱ्हाईक : आँ?

दुकानदार : वहिनी, बाजारात दुसरी दुकानं आहेत.

वहिनी : आहेत. हेही तेच म्हणाले, कुठूनही आण, तिथून नको. मी म्हटलं, आणीन तर तिथूनच. स्पर्धेत बोर्डाबरोबर बिल दाखवावं लागतं. त्या बिलावर मला तुमच्या दुकानाचा शिक्का हवाय.

दुकानदार : इतका राग?

वहिनी : याहून जास्त आहे. दुकानात उभी आहे म्हणून हळू बोलतेय.

गिऱ्हाईक : माझ्यामुळे संकोच करू नका, ताई.

दुकानदार : काका, तुम्ही उद्या याल का?

वहिनी : का जातील ते? बसू दे त्यांना. काका, ऐका तुम्ही. या पाटीवर जो विक्रम लिहिलाय ना, तो माझ्या जेवणाच्या टेबलावर तयार झाला. आठ महिने आम्ही जमिनीवर ताट घेऊन बसलो, कारण टेबलावर आमच्या यांचा पसारा. फ्रिजमधला बर्फ सगळा प्रोसेसर थंड ठेवायच्या पाण्यात. पाहुणे आले की कोमट सरबत. हे भावजी रोज यायचे, बघायचे, आमच्यातच जेवून जायचे.

दुकानदार : मी नुसता जेवत नव्हतो. बोर्ड मी आणून द्यायचो. जळले तेवढे मी सोसले.

वहिनी : सोसलेत, नाही कुठे म्हणतेय. मग स्पर्धेच्या दिवशी काय झालं ते तुम्ही सांगता की मी सांगू?

दुकानदार : तो आजारी पडला.

वहिनी : मुतखडा. आदल्या रात्रीपासून गडाबडा लोळत होते. मी दवाखान्यात. हे भावजी म्हणाले, वहिनी, नाव फुकट जायला नको, मी मंचावर चालवतो त्याच्या वतीने. मी म्हटलं, देव पावला. आणि मंचावरून भावजींचा फोन. व्होल्टेज किती ठेवू, आता किती, आता पुढे किती. माणसाला सलाइन लावलेलं, वेदनेने शब्द फुटत नव्हता, तरी एकेक आकडा सांगत होता. आणि काका, तो फोन त्यांच्या कानाला मी धरला होता. या हाताने.

गिऱ्हाईक : मग?

वहिनी : मग काय. दुसऱ्या दिवशी पेपरात या भावजींचा फोटो. नाव यांचं. त्याच्या वतीनेबितीने काही नाही.

दुकानदार : संघाचा नियम आहे, मंचावर जो चालवतो त्याचंच नाव लागतं. मी काय करणार होतो?

वहिनी : तोंड उघडणार होतात. पेपरवाला समोर उभा होता, एक वाक्य पुरलं असतं. मूग गिळून बसलात. आणि सहा महिन्यांत यांना सांगितलंत की गिऱ्हाईक माझ्या नावावर येतं, तू आता तुझं बघ.

दुकानदार : आता माझंही ऐका. काका, तुम्हीही ऐका. तो माणूस हुशार, हिरा. पण गिऱ्हाईक काही घ्यायला आलं की सांगायचा, घेऊ नका, तुम्हाला गरज नाही. दुकान असं चालतं का? भाडं कोण भरणार? मी सहा वर्षं नाकदुऱ्या काढल्या त्याच्या. बायको मला रोज विचारायची, तुम्ही दुकान काढलंय की धर्मशाळा?

गिऱ्हाईक : मला तो माणूस आवडला.

दुकानदार : आवडेलच तुम्हाला.

वहिनी : वेगळं व्हायचं होतं तर सरळ व्हायचं. यांनी हसत सोडलं असतं. पण यांच्या कष्टाची पाटी दारावर टांगायची आणि यांनाच त्या दारातून बाहेर काढायचं? त्या दिवसापासून आत्ताआत्तापर्यंत यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं नव्हतं. मी काही बोलले की म्हणायचे, जाऊ दे. दोन वर्षं मी हे जाऊ दे ऐकतेय. मला नाही जाऊ द्यायचं. कोणाला तरी राग यायला हवा ना घरात?

दुकानदार : वहिनी, मी संघाला लिहून देतो. दोघांचं नाव लावा म्हणून. आजच देतो, तुमच्यासमोर.

वहिनी : अर्धं नको. उपकाराचं तर मुळीच नको. बोर्ड काढा.

दुकानदार : आणि नाही काढला तर?

वहिनी : तर मघाशी हा दिव्यांचा न्या म्हणालात, तोच नेते. रविवारी तो भाजेल, वेग खाली येईल, आम्ही हरू. मग माईकवर मी विचारेन, सगळ्या हौशी पोरांसमोर, की वेग वाढवायला चांगला बोर्ड मागितला तर विक्रमवीर हा देतात, बिल बघा. पुढच्या सोमवारी तुमच्या दुकानात कोण येतं ते मोजा. आणि चांगला दिलात, तर पाटी उतरवावी लागेल. तुम्ही निवडा. मला घाई नाही.

गिऱ्हाईक : मलाही नाही.

दुकानदार : ...थांबा. माळ्यावर आहे. स्टूल द्या, काका.

गिऱ्हाईक : घ्या. सांभाळून.

दुकानदार : हा. दिसायला अगदीच भिकार आहे म्हणून कोणी घेत नाही. दिवे नाहीत, काही नाही.

वहिनी : द्या हातात. जड आहे.

दुकानदार : वरचा ठोकळा तांब्याचा नाही, ॲल्युमिनियमचाच आहे, पण भरीव. खाली आठ फेज, खरे आठ. गटाच्या किमतीत बसतो. या पैशात याच्यापेक्षा सरस बोर्ड नाही. मी स्वतः उतरलो असतो तर हाच घेतला असता.

वहिनी : मग माळ्यावर का लपवलात?

दुकानदार : तेच कारण. दुसऱ्या कोणी घेऊ नये.

वहिनी : निदान हे तरी खरं बोललात. करा बिल. शिक्का ठळक मारा.

दुकानदार : पिशवी देऊ?

वहिनी : आणलीय.

दुकानदार : बरं. या. ...वहिनी, थांबा.

वहिनी : आता काय?

दुकानदार : तो असाच नेऊ नका. त्याच्या आतला मूळ प्रोग्राम असतो ना, बायोस, तो कंपनीने या खेपेला नवा घालून पाठवलाय. त्यात व्होल्टेजला चाप लावलाय. एका हद्दीच्या पुढे तो जाऊच देत नाही. जुना बायोस परत घालावा लागतो. कंपनीने साइटवरूनही काढून टाकलाय तो.

वहिनी : हे यांनी नाही सांगितलं मला.

दुकानदार : त्याला माहीतच नसणार. दोन वर्षं तो इस्त्र्या खोलतोय. रविवारी मंचावर कळलं असतं.

गिऱ्हाईक : म्हणजे तुम्ही बोलला नसता तर विक्रम शाबूत राहत होता. आणि बोर्डही खराब नाही, म्हणजे नावं ठेवायलाही जागा नव्हती.

दुकानदार : हो.

वहिनी : मग का सांगितलंत?

दुकानदार : माहीत नाही. बोर्ड पिशवीत जाताना बघितला आणि तोंडातून निघून गेलं. द्या इकडे. माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे जुना. पाच-दहा मिनिटांचं काम.

वहिनी : इथे घाला. माझ्या डोळ्यांसमोर.

दुकानदार : समोरच घालतोय. हे बघा, चालू झालं. आता मध्ये वीज जायला नको म्हणजे झालं.

वहिनी : भावजी, यावरून मी विसरले असं समजू नका.

दुकानदार : नाही समजत.

वहिनी : मी घरून निघताना ठरवून आले होते की तुम्हाला रडवायचं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. अजून वाटलेलं नाही. रविवारी वाटेल कदाचित.

दुकानदार : झालं. घ्या. तपासून घ्यायचं तर घ्या.

वहिनी : ते तपासतील. रविवारी तुम्ही येणार ना?

दुकानदार : मी कशाला? मला त्या दिवशी दुकान आहे.

वहिनी : यायला लागेल. संघाची पद्धत आहे ना, जुना विक्रम ज्याचा, त्यानेच माईकवर नव्या माणसाचं नाव पुकारायचं. मी चौकशी केलीय. तुम्ही आला नाहीत तर ते थांबतील, पण पुकारणार तुम्हीच.

दुकानदार : मोडला तर.

वहिनी : मोडणार. तुम्हाला माहीत आहे तो मोडणार. आणि आमचा पार्टनर, आमचा मित्र, असलं काही चालणार नाही. पूर्ण नाव घ्यायचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आठवतंय?

दुकानदार : असं काय विचारता, वहिनी.

वहिनी : दोन वर्षांत एकदा तरी तोंडातून आलंय?

दुकानदार : नाही.

वहिनी : मग घ्या. आत्ता घ्या.

दुकानदार : आत्ता? इथे? गिऱ्हाईक बसलंय.

वहिनी : त्यांनाच सांगा. हा विक्रम कोणाचा आहे ते.

गिऱ्हाईक : सांगा, मालक. मी ऐकतोय.