उसातलं दार

शितल : आन् ह्ये दार कशाला आणलंय टेम्पोतनं, भावजी? गोठ्याला बसवायचंय का?

मल्हार : नाही वहिनी, व्हिडिओत लागतंय. उसाच्या मधोमध उभं करायचं. मी ते धरून उभा राहणार, पप्पू लांबून शूट घेणार. आत्या, तासाभराचं काम आहे, तू फक्त हो म्हण.

साखरबाई : उसात दार.

मल्हार : सिंबॉलिक असतं ते.

शितल : कडी-कोयंडाबी हाय की. रात्री उसाला भाईरनं कडी लावत जाऊ म्हंजी.

साखरबाई : शितल, गप. माझा सोमवार हाय. आज कुणाला नावं ठिवायची न्हाईत.

शितल : सोमवार तुमचा हाय, आत्याबाई. माझं मगाशीच दोन चहा झाल्यात.

मल्हार : हस वहिनी. सात वर्षं सगळे हसलेतच. दौंडात स्टेशनमागं मोबाईलवर बीट लावून रॅप गायलोय, पुण्यात तळघरातल्या हॉटेलात वीस माणसांसमोर गायलोय. अंडरग्राउंड आर्टिस्टचं असंच असतं.

शितल : अंडरग्राउंड आमची पाईपलाईन हाय. तीन फुटावर. ती निदान पानी तरी देती.

मल्हार : ह्या गाण्यानं मला वर काढलंय. शनिवारी पुण्यात मोठा कार्यक्रम आहे, एमसी काळीमाती म्हणून माझं नाव लागलंय. आज संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवला नाही तर ते दुसऱ्याला घेणार.

शितल : काळीमाती. आन् पायात पांढरं बूट. मगाधरनं बांधावर उभं हायेत, खाली उतरंनात.

साखरबाई : म्हन बरं एकदा तुझं गानं. बघू तरी काय हाय.

मल्हार : म्हणतो. 'थंडी गार, काळोख फार, रातभर बाप माझा धरून उभा दार.' हा हुक आहे. हे तीनतीनदा येतं.

साखरबाई : दार कुठलं रं?

मल्हार : घराचं. आप्पा लहानपणी सांगायचे ना, माघाच्या थंडीत रातभर दारं धरली, तवा कुठं हे दिवस आले. म्हणजे चोराचिलटांची भीती, घरात लहान भावंडं, आणि हा एकटा पोरगा दार धरून... का हसतेस वहिनी?

शितल : थांबा, मला बसू द्या. आत्याबाई, तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं.

साखरबाई : दारं म्हंजी सरीची तोंडं, मल्हार. पानी चालू असलं की एक सरी भरली म्हंजी खोऱ्यानं माती वढून तिचं तोंड बुजवायचं, फुडचीचं उघडायचं. त्याला दारं धरनं म्हनत्यात. शितल काल सकाळधरनं त्येच करतीया.

शितल : मला वाटलं, मी बी आर्टिस्टच हाय. बिनबुटाची.

मल्हार : दोन लाख लोकांनी ऐकलंय ते. एकानंही सांगितलं नाही.

शितल : त्यातल्या कुनी दारं धरली असत्याल तर सांगतील ना.

मल्हार : आप्पांनीही ऐकलं. रडले ते.

साखरबाई : काय म्हनला?

मल्हार : काही नाही. नुसतं चष्मा पुसत बसले. थांब आत्या. 'दारं' केलं तर? 'झोंबतं वारं, भिजलं रान सारं, रातभर बाप माझा धरतो दारं.' अरे, हे तर पहिल्यापेक्षा भारी झालं. आज इथंच रेकॉर्ड करतो.

शितल : मग आता त्ये टेम्पोतलं गोठ्यालाच द्या बसवून.

साखरबाई : शबूद सुदारला. मानूस ऱ्हायला.

मल्हार : कसला माणूस?

साखरबाई : चांगदेवाची, तुझ्या बापाची, तवा रेल्वेची परीक्षा व्हती. त्यो मोटारीच्या खोलीत बल्बाखाली पुस्तक घिऊन बसायचा, गोधडी पांघरून. मला सातवीतनं काढलेली. दारं मी धरायची. खोरं माझ्यापरास उंच.

मल्हार : म्हणजे आप्पा खोटं बोलले?

साखरबाई : न्हाई. त्यो नुसतं 'दारं धरली' म्हनला. कुनी, त्ये तू घातलंस.

(विहिरीवरची मोटार सुरू होते. शितल खोरं उचलते.)

शितल : लाईट आली. भावजी, त्यो मानूस उसातनं भाईर काढा, कॅमेऱ्यासकट भिजंल.

मल्हार : पप्पू, बाहेर ये रे! आत्या, तू आता हे मनाला लावून घेऊ नकोस.

साखरबाई : मी कुणाला नावं ठिवत न्हाई, बाळा. नाव सांगतीया. गान्यात माझं घाल. नुसतं आत्या म्हन, साखरबाई नगं. मग सगळं रान घे, तासभर घे न्हाईतर दिसभर. बाप म्हनायचं आसंल तर दौंडात तुमच्या गच्चीवर कर. तितं पान्याची टाकी हाय.

मल्हार : तुला कळत नाही ग. पुण्यातली पोरं बापावर रडतात. बाप म्हटला की हात वर होतात सगळे. आत्यावर कोण रडणार?

शितल : तुमचे आप्पा रडलंच की.

मल्हार : वहिनी, तू पाण्याकडं बघ. आत्या, मी तुझ्यासाठी दुसरं गाणं करीन, अख्खं. शप्पथ. हे राहू दे. शनिवारचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू का, त्या जागेवर 'आत्या' बसतच नाही.

साखरबाई : व्हय रं. त्या जागंवर मी कवा बसलेच न्हाई. बसला व्हता त्यो तुझा बाप.